थोरलीचा फोटो आणि तीन जोडण्या

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्या नातवाने विचारलं, "आजी, एवढी मोठी लेन्स घेऊन तू फक्त एका म्हशीचा फोटो काढलास?" मोठी नात मागून म्हणाली की तो फोटो तिने वर्गात दाखवला आणि कुणालाच खरा वाटला नाही. तुम्हा दोघांनाही पूर्ण उत्तर द्यायचं तर सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला हवी. फोनवर तुमचे आजोबा मध्ये मध्ये बोलतात आणि क्रम बिघडतो, म्हणून लिहून पाठवते आहे.

आपल्या गल्लीच्या टोकाला गोठा आहे, तो तुम्ही पाहिला आहे. तिथले दूधवाले मला वैनी म्हणतात, मी त्यांना भाऊ म्हणते. त्यांच्या सहा म्हशी. सगळ्यांत मोठी ती थोरली. तिला दुसरं नाव कधी ठेवलंच नाही. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे म्हशी पळवतात, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं असेल. म्हशीला भादरून, तेल लावून काळीभोर चमकवतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांची माळ आणि कपाळावर मोरपिसांचा तुरा बांधतात. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवरून हाका मारत पुढे जातो आणि म्हैस त्याच्या मागे धावत येते. दोरी नाही, काठी नाही. एवढ्या गर्दीत, एवढ्या गोंगाटात म्हैस मालकाला सोडत नाही, यातच मालकाची शान. थोरली नऊ वर्षं अशी धावली होती.

गेल्या दसऱ्यानंतर भाऊ दूध घालायला आले आणि उंबऱ्यातच थांबले.

"वैनी, यंदाचा पाडवा झाला की थोरलीला मलकापूरला धाडणार. थोरल्या भावाच्या रानात. वय झालं तिचं. तिकडं हिरवं हाय, पाणी हाय, निवांत ऱ्हाईल."

मी म्हटलं, "बरं करताय."

"त्ये बरंच हाय. पर एक काम हुतं. माझा आन तिचा पळतानाचा एक बी फोटो न्हाय बगा."

मला खरं वाटेना. पाडव्याला रस्त्यावर माणसांपेक्षा मोबाइल जास्त असतात. भाऊंनी खिशातून फोन काढून दाखवला. नऊ वर्षांचे फोटो होते. एकात भाऊ आणि मोटरसायकल मोठी, मागे थोरली शेळीएवढी. दुसऱ्यात नुसतं थोरलीचं तोंड आणि भाऊंचा कोपर. बाकीच्यांत लोकांची डोकी.

"ती आन मी. एका फोटोत. दोघांची तोंडं साफ. पुढच्या साली कुटनं मिळणार? तुमच्याकडं त्यो मोठा क्यामेरा हाय न्हवं?"

मी हो म्हटलं. चाळीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यामुळे कुणी काही मागितलं की शोधून द्यायचं, ही सवय हाडांत शिरली आहे. दार लावल्यावर मात्र हिशेब केला. पाडव्याची दौड म्हणजे अर्ध्या मिनिटाचा खेळ. मागे इतर म्हशी उभ्या असतात, त्यामुळे पुन्हा धावायला मिळत नाही.

तुमच्या बाबांनी मागच्या भेटीत त्यांचा जुना कॅमेरा आणि सत्तर-दोनशेची, म्हणजे सत्तरपासून दोनशे मिलिमीटरपर्यंत पल्ला लांबवता येणारी लेन्स माझ्याकडे ठेवली, ती मी रंकाळ्यावर पक्षी टिपायला वापरत होते. पांढरी, जाड आणि २.८ ची. हा आकडा लेन्सच्या आतल्या खिडकीचा. आकडा जितका लहान, तितकी खिडकी मोठी आणि उजेड जास्त. उजेड भरपूर आत आला की अगदी थोडा वेळ झडप उघडूनही फोटो निघतो, आणि धावती म्हैस पुसट होत नाही. अशा लेन्सला फास्ट म्हणतात. लेन्स स्वतः कुठेही पळत नाही. तुमच्या आजोबांना हे मी तीनदा समजावलं.

पण दोनशे मला पुरणार नव्हतं. मोबाइलच्या फोटोंत काय चुकलं होतं ते मी कागदावर आकृती काढून पाहिलं. फोटो काढणारा जवळ उभा असला की पुढची मोटरसायकल त्याला फार जवळ पडते आणि मागची म्हैस त्या मानाने लांब. म्हणून ती शेळीएवढी दिसते. तोच माणूस चाळीस-पन्नास पावलं मागे गेला तर दोघांमधल्या अंतराचं काही वाटेनासं होतं आणि दोघं सारख्या आकाराची दिसतात. म्हणजे लांब उभं राहायचं आणि लांब पल्ल्याच्या लेन्सने ओढून घ्यायचं.

मंगळवार पेठेत एक स्टुडिओवाले आहेत. कुस्तीचे आणि फुटबॉलचे फोटो काढतात. कॉलेजात असताना पुस्तकं उशिरा परत करण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. मला पाहून ते अजूनही उठून उभे राहतात. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, त्यांची तीनशेची २.८ ची लेन्स आठवडाभर न्यायची. दुसरा, माझ्याच लेन्सला टेलिकन्व्हर्टर लावायचा. कन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारं एक लहान कडं, त्याच्या पोटात काचा असतात. दुप्पटवाला लावला की दोनशेची चारशे होते, दीडपटीहून किंचित कमीवाला, म्हणजे १.४ चा, लावला की दोनशे ऐंशी.

"मॅडम, सगळंच घेऊन जावा," ते म्हणाले. "वापरून बघा. पुस्तकासारखं उशिरा आणून दिलं तरी मी काही म्हणणार नाही."

मी वेळेवर परत केलं, हे इथे नोंदवून ठेवते.

तीनशेची लेन्स हातात घेतली तेव्हा कळलं की ती एखाद्या तान्ह्या बाळाएवढी जड आहे आणि बाळासारखीच कशी धरावी ते सुचत नाही. तिला खालून आधार द्यायला एका पायाची काठी लागते. आजोबांनी ती उचलली, डोळ्याला लावली आणि म्हणाले, "हिच्यातून शेजारच्या गच्चीवरच्या पापडाला किती मिरे लागलेत ते दिसतं. छान आहे. ठेवून घेऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, म्हणजे पाडव्याच्या दौडीला जसा उजेड असेल तशा उजेडात, मी गल्लीत परीक्षा घेतली. गल्लीच्या टोकाला आजोबांना बंद स्कूटरवर बसवलं. ते भाऊ. त्यांच्या मागे तीन पावलांवर प्लास्टिकची खुर्ची ठेवून तिच्यावर काळी छत्री उघडी टाकली. ती थोरली. छत्रीवर एक वर्तमानपत्र चिकटवलं, अक्षरं वाचता आली तर फोटो स्पष्ट. आणि मी चाळीस पावलांवर स्टुलावर.

येणारा-जाणारा थांबू लागला.

"काकू, काकांना वाळत घातलंय व्हय?"

"न्हाय रं, काका निवडणुकीला उभारल्यात. छत्री चिन्ह हाय."

आजोबा स्कूटरवरूनच ओरडले, "अहो पावणं, मत देणार असाल तरच थांबा! न्हाईतर निदान वारा तरी अडवा, छत्री उडतीया!"

प्रत्येक जोडणीचं मी एक कार्ड केलं, ग्रंथालयात करायची तसंच. तीनशेच्या कार्डावर पहिल्यांदा फक्त "अप्रतिम" असा शब्द लिहिला गेला, तो नंतर खोडला. आजोबांच्या मिशीतला एकेक केस मोजता येत होता. पण मागची छत्री म्हणजे नुसता काळा ढग. छत्रीवर फोकस केला तर वर्तमानपत्रातली जाहिरातसुद्धा वाचता येई आणि आजोबा विरघळून जात. खिडकी एवढी मोठी उघडली की स्पष्टपणाची पट्टी फार पातळ होते, तिच्यात पुढचा आणि मागचा दोघं मावत नाहीत. मावायला हवे असतील तर खिडकी लहान करून ५.६ वर आणावी लागते. आणि ५.६ वरच यायचं असेल, तर २.८ चं एवढं ओझं उचलायचं कशाला? हे मला सुचलं तेव्हा मी स्टुलावर एकटीच हसले. आजोबांनी लांबून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "उतरा. चहा करते."

दुप्पट कन्व्हर्टरचं कार्ड दुसऱ्या दिवशी भरलं. त्यात लेन्स आपोआप ५.६ ची होते, कारण कन्व्हर्टर जितकं ओढतो तितका उजेड खातो. पण अक्षरांच्या कडा साय धरल्यासारख्या दिसत होत्या आणि फोकस जागेवर बसायला वेळ लागत होता. त्या दिवशी भाऊ पाहायला आले होते. त्यांनी विचारलं, "ह्या कड्यानं काय हुतं?"

मी सोपं करून सांगायला गेले. "दुधात पाणी घातल्यासारखं समजा. एका लिटरचं दोन लिटर होतं, पण पातळ."

भाऊंचा चेहरा उतरला. "वैनी, असली वस्तू आमच्या गोठ्याजवळनं न्यायची न्हाय. लोक बगत्यात."

"आणि हे दुसरं कडं आहे, त्यात पाणी कमी."

"कमी म्हंजे किती?"

"चहात घालतो तेवढं."

"त्ये चालतंय," भाऊ म्हणाले.

तेच चाललं. १.४ चा कन्व्हर्टर लावून दोनशे ऐंशी, खिडकी ५.६ वर, आणि फोकस आजोबांवरही नाही, छत्रीवरही नाही, मधल्या, स्कूटरच्या मागच्या रिकाम्या सीटवर. आजोबांची मिशी स्पष्ट, वर्तमानपत्राचा मथळा स्पष्ट. शिवाय ही लेन्स मागे-पुढे सरकते, वस्तू जवळ आली तर चौकट मोठी करता येते. तीनशेवाली सरकत नाही. कार्डावर मी "ही" एवढंच लिहिलं.

पाडव्याच्या आधीचे दहा दिवस मालक आपापल्या म्हशींचा सराव घेतात. भाऊंनी थोरलीचा सराव माझ्या वेळेनुसार ठेवला. रोज चार वाजता मी मैदानाच्या कडेला स्टुलावर बसायची, भाऊ मोटरसायकलवरून यायचे, मागून थोरली डौलात यायची. माझ्यापाशी पोचली की मी पिशवीतून स्टीलची डबी काढून तिला गुळाचा एक खडा द्यायची. ती काम करत होती. माझ्या मते कामाचा मोबदला त्याच दिवशी द्यावा. भाऊ तोवर मोटरसायकल वळवायला पुढे गेलेले असायचे, त्यामुळे हा व्यवहार त्यांना कधी दिसला नाही.

आजोबांनी एकदा म्हटलं, "लाडावून ठेवू नकोस."

मी म्हटलं, "एका खड्याने कुणी लाडावत नाही."

सरावाचे फोटो वाईट नव्हते आणि चांगलेही नव्हते. कधी भाऊ स्पष्ट यायचे, कधी थोरली. धावताना दोघांमधलं अंतर सारखं बदलायचं आणि माझी पट्टी अपुरी पडायची. दहा दिवसांत दोघं मनासारखी एकदाही आली नाहीत. भाऊंना मी हे सांगितलं नाही. ते रोज विचारायचे, "जमतंय न्हवं?" मी म्हणायची, "जमेल."

पाडव्याला आम्ही तीन वाजताच जागा धरली. रस्ता जिथे वळतो तिथे एका बंद दुकानाचा कट्टा आहे, त्यावर माझं स्टूल. समोर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना दोरीमागे माणसं. ऊन तिरपं झालं होतं आणि रस्त्यावर सोन्यासारखं पडलं होतं. आजोबांकडे काम एकच होतं, चौकटीत येणाऱ्यांना हटवणं. ते मन लावून करत होते. "अहो पावणं, टोपी काढा! टोपी राहू दे, डोकं काढा!"

एकेक म्हैस येत होती. ढोल, शिट्ट्या, सायलेन्सर नसलेल्या गाड्यांचा कान फाडणारा आवाज. मग लांबून भाऊंची हाक आली. तांबडा फेटा, पांढरा सदरा. आणि मागे थोरली. एक शिंग हिरवं, एक केशरी, तुरा वाऱ्यावर मागे पडलेला. तिचं वय कुणी ओळखलं नसतं. मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बोट दाबलं.

भाऊ स्पष्ट, थोरली थोडी पुसट. थोरली स्पष्ट, भाऊ पुसट. मला ते कळत होतं आणि काही करता येत नव्हतं. तेवढ्यात थोरलीने मान वर केली. तिची नजर सरळ माझ्या भिंगात आली. कट्टा, स्टूल, पांढरी लेन्स. रोजची खूण. तिने वेग घेतला. भाऊंच्या डाव्या बाजूने आली, त्यांच्या बरोबरीला आली, आणि त्यांना मागे टाकून सरळ माझ्याकडे निघाली.

माझं बोट दाबलेलंच होतं. दुसऱ्या हाताने मी लेन्स मागे सरकवत होते, तरी ती मावेना. आधी शिंगं चौकटीबाहेर गेली, मग कपाळ, मग नुसती एक ओली नाकपुडी उरली. डोळा बाजूला केला तेव्हा थोरली कट्ट्याला टेकून उभी होती आणि तिचं तोंड माझ्या पिशवीत होतं.

मग दोरीमागून कुणीतरी ओरडलं, "आयला, म्हशीनं मालकालाच ओव्हरटेक केलं की!" आणि अख्खा रस्ता हसला.

मी हसले नाही. नऊ वर्षं जी म्हैस मालकाला सोडून एक पाऊल बाजूला गेली नव्हती, तिला तिच्या शेवटच्या पाडव्याला मी मालकाला सोडून जायला शिकवलं होतं. रोज चार वाजता, अगदी नियमाने. आणि फोटो आला की नाही तेही माहीत नव्हतं.

भाऊ गाडी बंद करून चालत आले. घाम पुसला.

"वैनी, पिशवीत काय हाय?"

"गूळ."

"कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासून."

भाऊंनी थोरलीकडे पाहिलं. ती डबी चाटत होती.

"म्हंजे माझी म्हस फोडली तुम्ही."

"भाऊ, माझी फार मोठी चूक झाली."

"आमदार फोडत्यात लोक. वैनी म्हशी फोडाय लागल्या." असं म्हणून ते हसले खरे, पण डोळे हसत नव्हते. मग हळूच म्हणाले, "फोटू बगू."

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो पुढे नेला. पहिला नाही. दुसरा नाही. असे अकरा गेले. आजोबा माणसं हटवायचं विसरले होते, यावरून तुम्हाला कल्पना येईल. बाराव्यावर माझं बोट थांबलं.

थोरली भाऊंच्या बरोबरीला आली तो क्षण. दोघं एका ओळीत, कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर, म्हणून स्पष्टपणाच्या त्या पट्टीत दोघंही पुरेपूर मावली होती. थोरलीचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले, मान पुढे, कवड्यांची माळ हवेत. आणि शेजारी भाऊ, फेटा सुटत आलेला, तोंड उघडं, मान वळवून तिच्याकडे पाहणारे. छत्री आणि स्कूटर घेऊन मी आठ दिवस बसले असते तरी ही मांडणी मला सुचली नसती.

भाऊंनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला. ते घाईने कधी काही घेत नाहीत, त्या दिवशी घेतला. बराच वेळ पाहिलं.

"मी असा बगत हुतो व्हय तिच्याकडं?"

"हो."

"नऊ वर्सं बिचारीनं माझी पाठ तेवढी बगितली," ते म्हणाले. मग थोरलीच्या मानेवर जोरात थाप मारली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असे ओरडले, "पुढं गेली तर गेली! माझीच म्हस हाय की!"

आणि मग ते खरे हसले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आजोबांनी कुणाची तरी टोपी हवेत उडवली. ती पाहुण्याची होती, नंतर आम्हाला शोधून द्यावी लागली.

तो फोटो मोठा करून गोठ्यात लावला आहे, थोरली उभी राहायची त्याच खुंट्याच्या वर, भिंतीवर. दूध न्यायला येणारा प्रत्येक जण विचारतो आणि भाऊ प्रत्येकाला सगळं सांगतात. दिवसेंदिवस त्यांच्या गोष्टीत माझी लेन्स लांब होत चालली आहे. परवा ती बंदुकीएवढी झाली होती.

थोरली भाऊबीज झाल्यावर मलकापूरला गेली. ती टेम्पोत चढताना मी तिला डबीतले उरलेले सगळे खडे दिले, या वेळी भाऊंच्या समोर.

पंधरा दिवसांनी भाऊंच्या थोरल्या भावाचा फोन आला. म्हैस तब्येतीने झकास आहे, दिवसभर ओढ्याकाठी बसून असते, हाक मारली तर ढिम्म हलत नाही. पण रानात कुणी पाणी पाजायचा पांढरा पाइप खांद्यावर टाकून निघालं, की उठते आणि शेपूट वर करून त्याच्या अंगावर धावत जाते. दोन गडी पाइप टाकून पळाले. "तिला तिकडं काय शिकवलंय?" असं ते विचारत होते.

भाऊंनी फोन माझ्याकडे दिला. मी त्यांना सांगितलं, घाबरू नका, खिशात गूळ ठेवा.